जागतिक वारसा आणि आमची वारस-नोंद

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने आपल्या ४७ व्या अधिवेशनात बारा किल्ल्यांच्या एका मालिकेला मान्यता दिली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा, आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाची मालिका म्हणून हे किल्ले आता जगाच्या यादीत गेले. भारताची ही ४४ वी नोंद आहे. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. या आनंदात विरजण घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हाच त्यांनी या राजावर शूद्रातिशूद्रांचा हक्क सांगितला होता. तो हक्क आपण सोडलेला नाही. प्रश्न आहे तो या यादीचा.

ही यादी मी एक ग्रंथ समजून वाचतो. एखादी कादंबरी हाती आली की दलित समीक्षा काही साधे प्रश्न विचारते. कथा कोण सांगतो आहे? कोणासाठी सांगतो आहे? पाणी भरणारा, झाडणारा, पहारा देणारा माणूस कथेत आहे की नाही? असला तर त्याला नाव आहे काय? हेच प्रश्न दगडी वास्तूंना विचारायला आपण अजून शिकलो नाही. साहित्यातले सौंदर्यशास्त्र आपण तपासले, पण पुरातत्त्वाचे सौंदर्यशास्त्र तसेच राहू दिले. वस्तुतः दोन्हींची घडण एकाच मनोवृत्तीतून झालेली आहे.

प्रथम या व्यवस्थेची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. १९७२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा करार संमत केला आणि भारताने १९७७ मध्ये तो मान्य केला. या करारानुसार एखादे स्थळ यादीत घालण्याचा प्रस्ताव फक्त त्या देशाचे सरकार पाठवू शकते. मग 'इकोमॉस' ही तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था पाहणी करून अहवाल देते आणि शेवटी निवडून आलेल्या २१ देशांची समिती निर्णय घेते. स्थळाला 'वैश्विक मूल्य' असले पाहिजे ही मुख्य अट. सगळा व्यवहार राष्ट्र आणि राष्ट्र यांच्यामध्ये चालतो. त्यात जात कुठे बसते? कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर सरकार बोलते तेव्हा ते 'भारतीय संस्कृती' असा एकसंध शब्द वापरते, आणि समोरचा परदेशी तज्ज्ञ तो सभ्यपणे स्वीकारतो. गावाच्या आत दोन पाणवठे होते, दोन स्मशाने होती, हे त्या कागदावर उमटत नाही. प्रस्ताव इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्येच करावा लागतो. गडाच्या पायथ्याची वस्ती मराठीत बोलते. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे तिला कळायचा मार्गच नसतो.

२००७ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे याच समितीने आपल्या उद्दिष्टांत 'समुदाय' या पाचव्या उद्दिष्टाची भर घातली. स्थानिक लोकांचा सहभाग असल्याशिवाय जतन होत नाही, हे तत्त्व म्हणून जगाने मान्य केले आहे. पण 'स्थानिक समुदाय' म्हटले की आपल्याकडे गावचे मानकरी पुढे येतात. समुदायाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवायला क्राइस्टचर्चचा ठराव आपल्या गावात येत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

आता 'वारसा' हा शब्द पाहू. इंग्रजीतल्या शब्दाला आपण सहज हा प्रतिशब्द दिला, पण खेड्यातल्या माणसाला तो वेगळाच ऐकू येतो. बाप मेला की तलाठ्याकडे जाऊन वारस-नोंद करावी लागते. नोंद झाली नाही तर घर असून नसल्यासारखे, रान असून नसल्यासारखे. वारसा म्हणजे कोणाच्या नावावर काय चढले याचा हिशेब. या अर्थाने पाहिले तर जागतिक वारसा यादी हा जगाचा सातबारा आहे, आणि त्यात कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे हे विचारणे मुळीच गैर नाही.

दलितांच्या बाबतीत या शब्दाला आणखी एक कडू बाजू आहे. आमच्या पूर्वजांच्या नावावर वारशाने जे चढत होते ते वतन होते. हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावकी. येसकरकी, सांगावा, मढे ओढणे, दारोदार भाकर मागणे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते हा वारसा मोडण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. म्हणजे एक वारसा फेकून देणे हाच आमच्या इतिहासातला सर्वांत मोठा सांस्कृतिक पराक्रम आहे. जतनाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी समजून घ्यावी. आम्ही वारशाचे दोन भाग करतो. एक, जो आमच्याकडून हिरावला गेला आणि परत मागायचा आहे. दुसरा, जो आमच्यावर लादला गेला आणि नाकारायचा आहे. 'सर्व काही जपा' असे म्हणणारे धोरण या दोहोंत भेद करीत नाही, म्हणून ते वरवर निष्पाप वाटले तरी निष्पाप नाही.

या दृष्टीने गडांकडे वळू. गड म्हणजे फक्त तट, बुरूज आणि दरवाजे नव्हेत. गडाला घेरा असे. डोंगराच्या उतारावर मेटे असत. तिथे रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी या जातींची माणसे रात्रंदिवस पहारा करीत. शत्रूची पहिली चाहूल त्यांना लागे, पहिला घावही त्यांच्यावर पडे. 'लष्करी भूप्रदेश' ही नवी संज्ञा खरे तर या माणसांना आत घेण्यासाठी फार सोयीची आहे, कारण तिच्यात तटाबाहेरचा डोंगर, रान आणि वाटा येतात. परंतु गडावर जाणाऱ्या शाळेच्या सहलीला आपण काय दाखवतो? सदर, बालेकिल्ला, राजवाड्याचे जोते. मेटाची जागा दाखवली जात नाही. तटासाठी दगड फोडणाऱ्या वडाराचे नाव कोणी घेत नाही. भूप्रदेश यादीत गेला, पण त्यात पाय रोवून उभा असलेला माणूस अजून फलकावरही आलेला नाही.

आजच्या घेऱ्यातल्या वस्तीचाही प्रश्न आहे. २०१० मध्ये प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आली. स्मारक वाचवण्यासाठी काही बंधन हवे हे मान्य. पण पुढाऱ्याचे हॉटेल आणि भूमिहीनाची पत्र्याची खोली यांना एकच नियम लागला की पहिल्याला वाट सापडते, दुसऱ्याला नोटीस मिळते. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडावरच्या रहिवाशांनी नव्या निर्बंधांविषयी जी भीती बोलून दाखवली तिला अडाणीपणा समजू नये.

शिवनेरीचा विचार तर अधिक बारकाईने करावा लागतो. त्याच डोंगराच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत. जुन्नर परिसरातल्या या लेण्यांमधील दानलेख जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांत यवन दात्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांबही धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. आंतरराष्ट्रीय सहकार्याची चर्चा करणाऱ्यांनी हे लेख वाचावेत. समुद्रापलीकडचा माणूस इथे आला आणि कोणाही तहानलेल्याला पिता येईल असे पाणी देऊन गेला. जुन्नरच्याच एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आणि काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी यांनी दरमहा द्यावयाच्या रकमेची नोंद आहे. बांबूकाम हा आज अनुसूचित जातींच्या यादीत असलेल्या बुरूड समाजाचा धंदा. टोपल्या विणणारी माणसे एके काळी संघटित होती, त्यांची पत होती, त्यांचे नाव कातळावर कोरले जात होते. पुढच्या काळात त्यांच्या सावलीचा विटाळ कसा झाला, हा भारतीय इतिहासातला खरा प्रश्न आहे. शिवनेरी जगाच्या यादीत गेली ती मराठ्यांच्या गडांपैकी एक म्हणून. त्याच दगडातला हा जुना लेख त्या कथेच्या समासातच राहिला.

परदेशी तज्ज्ञ आला की वारसा वाचतो, अशीही एक समजूत आपल्या सुशिक्षितांत आहे. अजिंठ्याचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या प्रतींपैकी कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. जपानच्या अराई काम्पो याने नेलेल्या प्रती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. १९२० च्या सुमारास निझाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ही त्यांची कामगिरी मोठीच. पण त्यांनी लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून चित्रे काळवंडली आणि ते उतरवण्याचे काम नंतरच्या पिढ्यांना करावे लागले. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक यादीत आले. त्यानंतर १९९२ मध्ये ३७४.५ कोटी येन आणि २००३ मध्ये ७३३.१ कोटी येन असे जपानचे कर्ज अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी मंजूर झाले. त्यातून लेण्यांची दुरुस्ती, वनीकरण, रस्ते, पाणीपुरवठा आणि औरंगाबादचा विमानतळ अशी कामे झाली. मोठी पर्यटक केंद्रेही उभी राहिली. काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिले थकून ती बंद पडली.

हे सांगण्याचा हेतू परदेशी मदतीची हेटाळणी करणे हा नाही. पैसा आणि तंत्र बाहेरून येऊ शकते, वारस बाहेरून आणता येत नाही, एवढेच दाखवायचे आहे. बुद्धाच्या लेण्यांना १९५६ नंतर या भूमीत लाखो वारस मिळाले. ते पौर्णिमेला शुभ्र वस्त्रे नेसून लेण्यांत येतात. पर्यटनाच्या आराखड्यात त्यांची गणना 'अंतर्गत पर्यटक' अशी होते. वंदना करणाऱ्याला पर्यटक म्हणणे हाच दृष्टिदोष आहे.

दुसऱ्या देशांनी याच यंत्रणेचा वापर वेगळ्या रीतीने केला, हे आपल्या कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावे. मॉरिशसमध्ये पोर्ट लुई बंदरावर एक जुना तळ आहे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून त्या बेटाकडे नेले गेले, आणि १८४९ पासून ते या तळावर उतरले. त्यांत आपल्या कोकणातले मराठी मजूरही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. त्या जागेला 'कुली घाट' म्हणत. स्वतंत्र मॉरिशसने ते नाव बदलून 'आप्रवासी घाट' केले आणि २००६ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत नेली. तिथे राजवाडा नाही, शिल्प नाही. काही पायऱ्या, रुग्णालयाचे, स्वयंपाकघराचे आणि शौचकुपांचे अवशेष आहेत. मजुराने अंग धुतले ती मोरी वैश्विक मूल्याची ठरू शकते, हे एका छोट्या बेटाने जगाकडून मान्य करून घेतले. दक्षिण आफ्रिकेने १९९९ मध्ये रॉबेन बेटाचा तुरुंग यादीत नेला. २०२४ मध्ये मंडेलांच्या लढ्याशी निगडित स्थळांची मालिका नेली. तिच्यात शार्पव्हिल आहे, जिथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ माणसे मारली गेली.

मग आपल्या चवदार तळ्याचे काय? रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. त्याच तालुक्याच्या गावात २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांनी ओंजळभर पाणी पिऊन माणूसपणाची नोंद केली. रायगड जगाच्या यादीत आहे, चवदार तळे नाही. पिण्याच्या पाण्यासाठी, माणूस म्हणून पिता यावे यासाठी झालेला असा सत्याग्रह जगाच्या पाठीवर विरळा. याला वैश्विक मूल्य नसेल तर त्या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासला पाहिजे. असा प्रस्ताव सरकारच पाठवू शकते हे खरे. पण मागणी करण्यापासून आपल्याला कोणी अडवले आहे?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडलेला नाही. मी ज्या पाटसमध्ये राहतो त्या दौंड तालुक्याच्या कडेने भीमा वाहते. वरच्या अंगाला शिरूर तालुक्यात तिच्या काठी वढू बुद्रुक आहे, कोरेगाव आहे, आणि पलीकडच्या तीरावर पेरण्याचा स्तंभ. खाली तीच नदी पंढरपूरला चंद्रभागा होते, जिथे चोखोबाची समाधी महाद्वाराच्या बाहेर, पायरीशी आहे. दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्या गावावरून रोटीच्या घाटाने त्याच वाटेने जाते. एका नदीच्या काठावर वारशाचा हा सगळा झगडा मांडून ठेवलेला आहे.

पेरण्याचा स्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. १८२१ मध्ये कंपनी सरकारने त्याची पायाभरणी केली ती स्वतःच्या विजयासाठी. त्यावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली गेली आणि त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे आली. साम्राज्याने आपल्या हिशेबासाठी कोरलेली नावे शंभर वर्षांनी वारसांनी वाचली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि दगडाचा अर्थ बदलला. स्मारक बांधणाऱ्याच्या हेतूत बंद राहत नाही. जे लोक त्याच्याकडे येतात ते त्याला अर्थ देतात. जतनशास्त्रात ऑस्ट्रेलियाच्या १९७९ च्या बर्रा सनदेने हे 'सामाजिक मूल्य' मानले. आमच्या बायाबापड्यांनी ती सनद न वाचता ते आधीच केले होते. आणि वढूला काय झाले? संभाजी महाराजांच्या समाधीजवळ गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथला फलक आणि छत यांची मोडतोड झाली, आणि लगेच १ जानेवारी २०१८ ला कोरेगावात हिंसाचार झाला. इतिहासाच्या तपशिलावर वाद असू शकतो, त्याची जागा अभ्यासाच्या टेबलावर आहे. पण एका महाराचे नाव समाधीच्या फलकावर असणे हीच गोष्ट काहींना असह्य होते, तेव्हा तो वाद इतिहासाचा उरत नाही. तो वारस-नोंदीचा होतो.

बाबासाहेबांच्या वारशाचेही असेच दोन तुकडे झाले. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथल्या शेजाऱ्यांनी आणि नगर परिषदेने संग्रहालयाला हरकत घेतली, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. हे योग्यच झाले. परंतु याच दरम्यान, २५ जून २०१६ च्या पहाटे, दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त झाला. ज्या छापखान्याने चळवळीची पत्रे छापली, ज्याच्या शाईत हजारो अनाम कंपोझिटरांचे आणि वाचकांचे हात काळे झाले, तो रातोरात माती झाला. लंडनच्या घराच्या एका खिडकीसाठीही परवानगी लागते. दादरच्या छापखान्याला कोणत्याही वारसा यादीचे कवच कामी आले नाही. परदेशात मान आणि घरात ढिगारा, ही विसंगती आपल्या सांस्कृतिक धोरणाचे मर्म सांगून जाते.

आता काही कार्यकर्ते मित्र विचारतील की भूमिहीनांचा, नोकऱ्यांचा, अत्याचारांचा प्रश्न पेटलेला असताना हे दगडधोंडे कशाला? त्यांची तळमळ मला कळते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. भाकरीचा प्रश्न मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. परंतु ज्याची नोंद नाही त्याचा दावाही नसतो, हे कुळकायद्याने आणि गायरानाच्या लढ्याने आपल्याला शिकवले आहे. संस्कृतीतही तेच लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी मान्यता मिळाली की बंडाचे शोभेचे झाड होते. हा धोका खरा आहे. २००३ च्या युनेस्को कराराने लोककला, हस्तकला, विधी यांनाही वारसा मानले. २०१४ मध्ये पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांचे तांब्या-पितळेचे काम या यादीत गेले. कारागिराचा मान झाला, आनंद आहे. पण उद्या कोणी पोतराजाचा आसूड, जोगतिणीचा जग आणि मढ्यापुढची हलगी यांना 'अमूर्त वारसा' म्हणून जपायला निघाला तर आपण काय म्हणणार? हलगीचा ताल आपलाच आहे, तो शाहिरांनी सभेत आणला, मोर्चात आणला. तो जपू. मढ्यापुढे ती वाजवलीच पाहिजे ही सक्ती जपणार नाही. कला आणि सक्ती यांची ही फारकत जिथे केली जात नाही, तिथे जतनाच्या नावाने वतन परत येते.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. बारा गडांच्या प्रस्तावाचे आणि व्यवस्थापन आराखड्याचे कागद मराठीत छापून घेऱ्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावेत. गडांवरच्या फलकांत मेटकऱ्यांची, पाथरवटांची, वडारांची नोंद व्हावी. जुन्नर-कार्ल्याच्या दानलेखांचे साध्या मराठीतले वाचन लेण्यांच्या दाराशी लागावे, म्हणजे बुरुडाच्या पोराला आपल्या धंद्याचे नाव कातळावर वाचता येईल. चवदार तळ्याचा प्रस्ताव सरकारने तयार करावा, आणि तो तयार करणाऱ्या समितीत त्या लढ्याचे वारस असावेत.

आणि काही काम सरकारची वाट न पाहता करता येते. महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक वही घालावी. आपल्या तालुक्यातल्या जुन्या महारवाड्याची, मांगवाड्याची, रामोशीवाड्याची जागा, त्यांचा वेगळा पाणवठा, १९५६ नंतर बांधलेले पहिले विहार, पहिली रात्रशाळा, बाबासाहेबांची सभा झालेले मैदान यांची नोंद करावी. वतनाच्या दिवसांविषयी वडिलांकडून ऐकलेले सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत, पण थोडीच. त्यांची सांगणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. ती वही पॅरिसला जाईल की नाही हा पुढचा प्रश्न. तलाठ्याकडे जाताना जसा पुरावा जवळ लागतो, तसा तो आपल्याजवळ असला पाहिजे.